गौरवीची दिवसाची झोप

गौरवी मूळची डिचोली तालुक्यातल्या शिरगावची. तिच्या लहानपणी खनिजाचे ट्रक उजाडल्यापासून घरासमोरून धावायचे. भिंती हादरायच्या, फळीवरची भांडी वाजायची, आणि त्या सगळ्यात ही पोर अशी गाढ झोपायची की शाळेच्या वेळेला आईला तिच्या अंगावरची गोधडी ओढून काढावी लागे. झोपेचा तिला कधी त्रास असा नव्हताच. नर्सिंगच्या कोर्सला तिने नाव घातलं तेव्हा वडिलांनी रातपाळीची काळजी बोलून दाखवली, तर ती हसली. पडेन तिथे झोपेन, म्हणाली.

पहिली काही वर्षं तसंच झालं. म्हापशाच्या एका खासगी हॉस्पिटलात तिला नोकरी लागली. सकाळ, दुपार आणि रात्र अशा पाळ्या फिरत असत. रात्रीची पाळी संपवून ती भाड्याच्या खोलीवर यायची, चहाबरोबर पाव खायची आणि पडायची. संध्याकाळी उठून पुन्हा ताजीतवानी. पाळी बदलली की दोन दिवस डोकं जड राहायचं, एवढंच.

लग्नाची बोलणी मात्र त्या रातपाळीवरून मोडत गेली. लोक तसं तोंडावर म्हणत नसत, पत्रिका जुळत नाही म्हणत. मांद्र्याहून प्रज्योतचं स्थळ आलं तेव्हा त्याची आई कमलाक्षी स्वतः शिरगावला आली होती. ठेंगणी, काटक बाई. तिने स्वयंपाकाचं विचारलं नाही, पगाराचं विचारलं नाही. चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाली, "दिसाची नीज लागता गो तुका?"

गौरवीला हे तोवर कोणी विचारलं नव्हतं. लागते, ती म्हणाली.

"बरा तर," कमलाक्षी म्हणाली, आणि ते लग्न ठरलं.

पुढे गौरवीला कळलं की सासरे बसवर ड्रायव्हर होते. पणजीला जाणारी पहाटेची पहिली बस ते न्यायचे आणि दुपारी घरी येऊन झोपायचे. त्यांच्या झोपेवर पहारा करण्यात कमलाक्षीचा अर्धा संसार गेला होता. सासरे वारले आणि ते काम संपलं. आता सुनेसाठी तिने ते पुन्हा हाती घेतलं.

तिच्या पहाऱ्याची मांद्र्यात आमच्या वाड्यावर थोडी थट्टाही व्हायची. पोदेर सायकलवर पावाची टोपली घेऊन भोंपू वाजवत यायचा, त्याला तिने सांगून ठेवलं होतं की भोंपू वळणावरच बंद करायचा. पाव आणायला ती स्वतः वळणापर्यंत चालत जायची. मासे विकणारी बाई तिच्या दारात आली की हाक न मारता टोपली उतरवून बसायची. माजघराशेजारच्या खोलीच्या जनेलाला कमलाक्षीने दोन जुन्या जाड चादरी एकावर एक शिवून पडदा केला होता. भर दुपारीसुद्धा त्या खोलीत हात दिसत नसे. रातपाळीहून सून आली की सासू पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा पुढे ठेवायची आणि स्वतः बाहेरच्या सोप्यावर जाऊन बसायची. कोणी आलं की तिचं एकच वाक्य असायचं.

"तिका निजांदे. रातभर जागी असता ती."

सिद्धी जन्मली ती या शांततेत. रांगायची तेव्हा आजीने तिच्या पायातले घुंगरू काढून ठेवले होते. चालायला लागली तशी ती टाचा न टेकवता चालायला शिकली. आईला काही सांगायचं असलं तर आजीला सांगायची. आजी संध्याकाळी ते सुनेला सांगायची. बालवाडीच्या बाईंनी एकदा बोलावून विचारलं की ही मुलगी वर्गात इतकी हळू का बोलते, काही त्रास आहे का. गौरवीला आधी उमगलंच नाही. घरी येताना उमगलं. पण त्याच रात्री तिची ड्युटी होती आणि दुसऱ्या दिवशी ती झोपलेली होती.

चाळिशीच्या आसपास गौरवीची झोप बदलली. पडल्या पडल्या डोळा लागायचा तो लागेना. लागला तरी तासा-दोन तासांनी उघडायचा आणि मग छातीत धडधडायचं, जणू वॉर्डात कोणाचा तरी मॉनिटर वाजतोय आणि आपण पोहोचलेलो नाही. तिने कानात कापूस घालून पाहिला. आवाजावर आवाज म्हणून टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला. वॉर्डातल्या बहुतेक सगळ्याजणींचं हेच होतं. कोणाला पित्त, कोणाची मासिक पाळी चुकलेली, कोणी घरी मुलांवर उगाच ओरडणारी. त्या आपसात हसत त्यावर बोलायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या.

शाळेच्या स्नेहसंमेलनात सिद्धीची फुगडी होती. गौरवी रातपाळी करून न झोपता थेट गेली, पहिल्या रांगेत बसली. फुगडी सुरू व्हायच्या आत तिचं डोकं शेजारच्या बाईच्या खांद्यावर गेलेलं होतं. टाळ्यांनी ती जागी झाली आणि तीही टाळ्या वाजवू लागली. सिद्धीने स्टेजवरून सगळं पाहिलं होतं. ती रुसली नाही, रडली नाही. आजीला म्हणाली की आईला उगाच बोलावलं, तिची झोप मोडली.

मग स्कूटरचा प्रसंग घडला. एका सकाळी ड्युटीवरून परत येताना गौरवी शिवोली सोडून पुलावर चढली. पुढचं तिला आठवतं ते पुलापलीकडचं चोपडें. मधला पूल कुठे गेला ते कळलं नाही. स्कूटर सरळ चालली होती, हात हँडलवर होते, आणि खाली एवढी मोठी शापोरा नदी वाहत होती. तिने रस्त्याकडेला गाडी लावली आणि किती तरी वेळ तशीच बसून राहिली. घरी फक्त सासूला सांगितलं. कमलाक्षीने त्याच दिवशी स्कूटरची चावी तांदळाच्या डब्यात लपवली. तेव्हापासून गौरवी बसने जाऊ-येऊ लागली. परतताना बसमध्ये झोपायची. मांद्र्याचा थांबा आला की कंडक्टर सीटवर टकटक करून उठवायचा, आणि तो नवा असला तर ती हरमलपर्यंत जाऊन परत यायची.

प्रज्योतला हे सगळं दिसत होतं, पण तोही घरात असा कितीसा असायचा. मोप्याला विमानतळ सुरू झाल्यावर त्याने टॅक्सी घातली होती. विमानं अवेळी उतरायची, तो अवेळी घरी यायचा. नवराबायकोची भेट कधी दारात व्हायची, कधी नुसती फोनवर. रातपाळी सोड, असं तो म्हणाला होता. गौरवीने मेट्रनकडे एकदा शब्द टाकलाही. मेट्रन म्हणाली की सगळ्याच मागतात, कोणाला देऊ. ते खरंच होतं. नंतर तिने पुन्हा विचारलं नाही. पुढे ती म्हणायची की आणखी एकदा विचारायला हवं होतं, दहादा विचारायला हवं होतं.

त्या सुमारास शेजारच्या जयरामने आपल्या माडांच्या बागेत पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला काढल्या. काम करणारे लोक चंदगडकडचे होते. परशुराम फरशीचा कारागीर, त्याची बायको शेवंता त्याच्या हाताखाली माल कालवायची. फरशी कापायचं मशीन पहिल्या दिवशी सुरू झालं तेव्हा गौरवी घामाघूम होऊन खोलीतून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी कमलाक्षी पदर खोचून बागेत गेली. काय बोलली ते तिने घरी सांगितलं नाही, पण परशुरामने पद्धत बदलली. सकाळी माप घ्यायचं, माल कालवायचा, फरश्या बसवायच्या, आणि कापायचं काम दुपारच्या जेवणानंतर. जयराम थोडा कुरकुरला. कमलाक्षीने त्याच्याकडे फणसाचे गरे पाठवले.

शेवंता पाणी न्यायला यांच्या विहिरीवर यायची. कमलाक्षीशी तिची गट्टी जमली. दोघी सोप्यावर बसून हळू आवाजात बोलायच्या. एकीची भाषा दुसरीला निम्मी कळायची. शेवंताची मुलं गावी तिच्या सासूकडे होती. गौरवीच्या झोपेचं शेवंताला सांगायची गरजच नव्हती, विहिरीचा रहाटसुद्धा ती हाताने धरून सावकाश फिरवायची.

तो दिवस पावसाळा संपल्यानंतरचा होता. वॉर्डातली एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि गौरवीच्या वाट्याला जास्तीच्या रातपाळ्या आल्या होत्या. तिने सर्दीची एक गोळी घ्यायला सुरुवात केली होती. तिला सर्दी नव्हती, पण त्या गोळीने गुंगी यायची. हे बरं नाही हे तिला कळत होतं. पेशंटनी असं केलेलं तिने खपवून घेतलं नसतं. त्या सकाळी पेज खाऊन तिने गोळी घेतली, कानात कापूस घातला आणि ती आडवी झाली. सासू सोप्यावर बसायला गेली. सिद्धी शाळेत होती, प्रज्योत प्रवासी घेऊन काणकोणला गेला होता.

त्यानंतर घरात काय घडलं ते गौरवीला तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि काही कधीच कळलं नाही.

शेवंता पाण्याला आली तेव्हा कमलाक्षी सोप्यावर एका अंगाला कलून बसलेली होती. तोंड थोडं वाकडं दिसत होतं. शेवंताने विचारलं, काय होतंय? कमलाक्षीच्या तोंडून नीट शब्द निघेना. शेवंता म्हणाली, बाईंना उठवते. तेव्हा कमलाक्षीने डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. शेवंताने तिला धरून आत नेलं, चटईवर निजवलं, डोक्याखाली आपलं गुंडाळलेलं फडकं दिलं. चक्कर असेल, पित्त असेल, पडून राहिली की बरं वाटेल, असं तिला वाटलं. ती थोडा वेळ पंख्याने वारा घालत बसली. मग तिकडून परशुरामची हाक आली आणि ती गेली. मध्ये एकदा डोकावून गेली, तेव्हा कमलाक्षीचे डोळे मिटलेले होते. तीही झोपली असं समजून शेवंता पावलं न वाजवता परत गेली.

जेवणानंतर फरशी कापायचं मशीन सुरू झालं आणि त्या आवाजाने गौरवी उठली. तोंड कोरडं पडलं होतं. पाणी प्यायला ती बाहेर आली आणि सासूला चटईवर पाहिलं. पुढचं काही तिला कोणी सांगावं लागलं नाही. ओठाचा कोपरा, निर्जीव पडलेला हात. अशी माणसं तिने किती तरी वेळा ट्रॉलीवरून उतरवून घेतली होती. एकाच नजरेत तिला सगळं समजलं आणि तरी ती काही क्षण दाराच्या चौकटीला धरून नुसती उभी राहिली.

१०८ला फोन करून ती अँब्युलन्समधून सासूला आपल्याच हॉस्पिटलात घेऊन गेली. वाटेत ती नाडी बघत होती, श्वास बघत होती, आणि कमलाक्षी डोळे उघडून तिच्याकडे बघत होती. कॅज्युअल्टीत जे डॉक्टर होते त्यांच्याबरोबर गौरवीने आदल्याच रात्री काम केलेलं होतं. त्यांनी तपासलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"सिस्टर, सुरू कधी झालं?"

हा प्रश्न ती स्वतः रोज विचारायची. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक तासांच्या आत द्यावं लागतं, त्यानंतर ते द्यायचंच नसतं. नातेवाईक गोंधळायचे, सकाळी म्हणायचे, मग म्हणायचे रात्रीपासूनच बरं नव्हतं. घरात असून कळत कसं नाही, असं तिच्या मनात यायचं. कधी कधी ती तसं बोलूनही जायची.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी झोपले होते."

स्कॅन झालं. नंतर जयरामला फोन लावून शेवंताला विचारलं आणि हिशेब लावला तेव्हा वेळ टळून गेलेली निघाली. फार नाही, पण टळलेली.

प्रज्योत काणकोणहून पोहोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. आईला बघून तो बाहेर आला, बाकावर गौरवीच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "तू घराकच होतंस."

त्याने हे रागाने म्हटलं नव्हतं. त्याला बहुधा नुसतं नवल वाटलं होतं. मागाहून त्याने माफीही मागितली, एकदा नव्हे, दोनदा. पण ते वाक्य निघून गेलेलं होतं आणि पुढे त्या दोघांमध्ये ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला गौरवी घरी आली. तेव्हा तिला आपल्या खोलीच्या दाराबाहेर सासूची एक चप्पल दिसली. दुसरी सोप्याजवळ होती. म्हणजे शेवंता यायच्या आधी कमलाक्षी गौरवीच्या दारापर्यंत आली होती. तिथे उभी राहिली असेल. हाक मारली असेल, किंवा मारायला तोंड उघडलं असेल आणि शब्द आला नसेल. किंवा हाक मारावी की नको असं तिच्या मनात आलं असेल आणि ती परत फिरली असेल. आत गौरवी गोळी घेऊन, कानात कापूस घालून झोपलेली होती.

त्याच वेळी शेवंता कळशी घेऊन विहिरीवर आली आणि म्हातारीचं कसं आहे ते विचारायला दारात थांबली. आणि गौरवी तिच्यावर तुटून पडली. तुला डोळे नाहीत का, तोंड वाकडं झालेलं दिसत होतं तर मला उठवता आलं नाही का, अशी ती खूप बोलली. या घरात तिचा इतका मोठा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. शेवंताने कळशी खाली ठेवली.

"म्या इचारलं हुतं बाई," ती शेवटी म्हणाली. "त्यांनीच व्हटावर बोट ठिवलं."

तिने कळशी तशीच रिकामी उचलली आणि ती गेली. त्यानंतर ती पाण्याला जयरामच्या नळावर जाऊ लागली. काम संपलं तसे ते लोक दुसरीकडे निघून गेले. जाताना शेवंता भेटायला आली नाही आणि गौरवीही गेली नाही.

कमलाक्षी घरी आली ती उजवं अंग लुळं पडूनच. बोलणं गेलं होतं. दोन-तीन शब्द तेवढे उरले होते आणि तेही भलत्या वेळी यायचे. गौरवीने आधी रजा काढली, मग मेट्रनकडे जाऊन रातपाळी करणार नाही असं सांगितलं. या वेळी मेट्रनने लगेच ऐकलं. तिला ओपीडीत सकाळची ड्युटी मिळाली. इतक्या वर्षांत जे मिळत नव्हतं ते एका अर्जावर मिळालं, तेव्हा ती घरी येऊन खूप रडली.

आता ती रोज रात्री घरात होती, पण झोप तिच्याकडे परत आली नाही. रात्री सासूच्या खाटेशेजारी ती टक्क जागी असायची. दिवसा मात्र ओपीडीहून आल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायचे. अशाच एका दुपारी ती जागी झाली तेव्हा खोलीत लघवीचा वास येत होता. कमलाक्षी भिजलेल्या गादीवर पडलेली होती आणि छताकडे बघत होती. डाव्या हाताशी घंटी ठेवलेली होती, प्रज्योतने मुद्दाम पेडण्याहून आणलेली पितळेची घंटी. कमलाक्षीने ती वाजवली नव्हती. उलट नीट उशीखाली सरकवून ठेवली होती, चुकून हात लागून वाजू नये म्हणून.

गौरवीचा तोल गेला.

"आई, माका उठवा," ती ओरडली. "कितीय गाढ निजलंय तरी उठवा. तुमच्या पायां पडतंय. माका ही नीज नको."

कमलाक्षीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती काहीतरी म्हणायला धडपडत होती. तोंडातून आलं ते 'चाय'. उरलेल्या दोन-तीन शब्दांतला तो एक होता. तिला चहा नको होता हे दोघींनाही माहीत होतं. गौरवीने तिला पुसलं, कपडे बदलले, गादी बाहेर उन्हात टाकली. मग चहा करून चमच्याने पाजला. दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं. ओरडल्याचं तिला आजही जास्त लागतं. बाकी सगळं झोपेत घडलं, म्हणते. हे मी जागेपणी केलं.

कमलाक्षी त्यानंतर दीडेक वर्ष राहिली. तेवढ्या काळात तिने घंटी वाजवली ती बहुतेक सिद्धीसाठी. नातीने अंथरुणाशी बसून मोबाईलवर काहीबाही दाखवायचं, आणि आजीने एका बाजूने हसायचं. आजी गेली तेव्हा सिद्धी बारावीला होती. तिने आईच्या गळ्यात पडून रडावं असं गौरवीला फार वाटत होतं. सिद्धी मागच्या दाराने विहिरीवर गेली आणि तिथे एकटी रडली. घरात आवाज होऊ नये ही तिची सवय होती. गौरवी मागोमाग गेली, पण तिला जवळ कसं घ्यायचं हेच तिला उमजेना. ती थोडी लांब उभी राहिली. थोड्या वेळाने सिद्धीनेच डोळे पुसले आणि म्हणाली की तू जा, जरा पड, तू दमली असशील.

वर्षश्राद्ध झाल्यावर गौरवीच्या मनाने घेतलं की शेवंताला भेटायचं. प्रज्योतने चौकशी केली. मोप्याच्या पठारावर एका हॉटेलचं बांधकाम चाललं होतं, तिथे परशुराम सापडला. शेवंता गावी होती, तिची पाठ धरली होती. त्याने नंबर दिला. गौरवीने फोन केला तो हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून. काय म्हणायचं ते तिने मनात ठरवून ठेवलं होतं.

तिने नाव सांगताच शेवंता म्हणाली, "म्हातारी बरी हाय न्हवं?"

तिला कोणी कळवलंच नव्हतं. गौरवीला सांगावं लागलं. पलीकडे शेवंता मोठ्याने रडू लागली. म्हणाली, "माझंच चुकलं बाई. तुमची झोप मोडली असती तर काय व्हणार हुतं?"

गौरवी म्हणाली, "नाही गं." तुझं चुकलं नाही, मी तुला वाईट बोलले, हे सगळं पुढे यायचं होतं. ते आलं नाही. जिन्यातून माणसं वर-खाली जात होती. तब्येत सांभाळ, एवढं म्हणून तिने फोन ठेवला. संध्याकाळी परत करू, असं ठरवलं. तो फोन अजून झालेला नाही.

आता गौरवी वॉर्डाची इन्चार्ज आहे. कोणी कधी यायचं ते तीच ठरवते. रातपाळ्या सुट्या-सुट्या न देता सलग देते, त्यांच्यामागे सुट्टी जोडते, आणि रात्र संपवून कोणी लगेच दुपारी येणार नाही एवढं बघते. तसं करताना कोणाची तरी सणाची रजा जाते आणि बोलणीही तीच खाते. रात्र करून निघालेल्या मुलीच्या हातात स्कूटरची चावी दिसली की ती आधी तिला बसवते, कॉफी पाजते. नव्या मुली पाठीमागे हसतात, हे तिला माहीत आहे.

मध्यंतरी लक्ष्मी नावाची एक नवी सिस्टर रुजू झाली. नुकतंच लग्न झालेलं, कोरगावला सासर. पहिल्या काही रातपाळ्या झाल्यावर गौरवीने तिला विचारलं की दिवसा घरी कोण असतं. सासू असते, लक्ष्मी म्हणाली, आणि तक्रारच सुरू केली. सासू मुद्दाम भांडी आपटते, टीव्ही मोठा लावते, दर तासाला खोलीचं दार उघडून हे कुठे ठेवलं, ते कुठे ठेवलं विचारत बसते. अशाने मी झोपायचं तरी कसं, मॅडम?

तिला सांगायचं बरंच काही गौरवीच्या मनात आलं. पण त्या मुलीचा प्रश्नही खोटा नव्हता. तिला झोप हवीच होती. तिच्या डोळ्यांखाली आत्ताच काळं दिसू लागलं होतं.

"सासूशी मी बोलू का?" गौरवीने विचारलं.

नको नको, लक्ष्मी घाबरून म्हणाली. मग गौरवीने तिला जनेलाला जाड पडदा लावायला सांगितला, गोळ्या घेऊ नकोस म्हणून बजावलं, आणि आठवड्यातून एक रात्र कमी करून ती स्वतःच्या नावावर घातली. त्या रात्रीनंतरच्या सकाळी ती घरी येते. पेज करून घेते. सिद्धी कॉलेजला पणजीला गेलेली असते, प्रज्योत विमानतळावर. ती खोलीत जाऊन पडत नाही. बाहेरच्या सोप्यावर भिंतीला टेकून बसते, दार सताड उघडं ठेवते, आणि डोळा लागला तर तेवढाच लागतो.